बाजारातल्या दुकानावरच्या खोल्या

माझं कॉलेज एका पावसाळ्यातच संपलं. जळगाव जामोदहून खामगावला रोज बसनं ये-जा जमेना, आणि खामगावात एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. मुलांना लोक पडवीसुद्धा द्यायचे. वडील बरीच घरं फिरले आणि मला परत घेऊन गेले. पुढे लग्न झालं ते नेमकं खामगावातच, भर बाजारात कापडाचं दुकान असलेल्या घरात.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच सासऱ्यांनी ते दुकान पाडायला काढलं. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, आणि खेड्यापाड्यांतली मुलं कॉलेजात यायला लागली होती. दुकान आणि त्यामागची कापसाची वखार पाडायची, खाली नवे गाळे काढायचे आणि वर विद्यार्थ्यांसाठी खोल्या, असा त्यांचा बेत होता. आमचं घर वखारीच्या मागे, गल्लीत. दुकान तेवढ्यापुरतं रस्त्यापलीकडे टिनाच्या शेडमध्ये गेलं.

घरात कोणाचंच चित्त ठिकाणावर राहिलं नाही. भातात चुना यायचा. माझे यजमान शेडमधल्या उकाड्यानं चिडचिडे झाले होते, आणि सासरे गिऱ्हाईक अर्धवट सोडून बांधकामावर धावायचे. माझं तर विचारूच नका. वरच्या भिंती उठायला लागल्या आणि मी कामाशिवाय घराच्या धाब्यावर, त्या सपाट छतावर, जायला लागले. वाळत घातलेले कपडे पुन्हा वाळत घालायची. इथे कोणीतरी बसून वाचणार, हे डोक्यातून जात नव्हतं.

एका दुपारी बापलेक जेवत होते. वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, वरते पोरी ठेवल्या तर?"

त्या घरात सून सासऱ्यांशी अशी बोलत नसे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

यजमान म्हणाले, "बजारात पोरी? लोक काय म्हणतीन?"

सासरे जेवत राहिले. हात धुताना त्यांनी विचारलं, "पोरी येतीन-जातीन कोठून? दुकानावरून?"

उरलेला दिवस मी स्वयंपाकघरात नुसती आत-बाहेर करत राहिले. दुसऱ्या सकाळी मिस्त्री आमच्या अंगणात उभा होता आणि सासरे त्याला बोटानं दाखवत होते. बाजाराकडचा जिना बंद करून तो मागून, आमच्या दारापासून चढवायचा होता.

एका गाळ्यात आमचं दुकान परत आलं, बाकीचे लगेच भाड्यानं गेले. खोल्या मात्र पडून राहिल्या. कॉलेज सुरू झालं, मुलं रोज चौकशीला येत, आणि सासरे त्यांना परत पाठवत. यजमान माझ्याशी बोलेनासे झाले. गल्लीत पाऊल वाजलं की मी दाराशी जायची. आता मामाजी कधीही म्हणतील, पुरे झालं, पोरं घ्या, अशी धास्ती होती.

मग शेगावकडच्या एका खेड्यातले एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. खोली त्यांनी धड पाहिलीच नाही. जिन्यावर हात ठेवून विचारलं, "इथी खाली कोन राह्यते?"

"मी राहते," मी म्हणाले.

त्यांनी वाकून आमच्या दारातून आत पाहिलं. मग मुलीला म्हणाले, "सामान काढ बाई टांग्यातलं."

ती धीट नव्हती. पहिल्या आठवड्यात रोज रडली, आणि मला वाटत राहिलं की ही जाणार. ती गेली नाही. दिवाळीनंतर तिच्याच वर्गातल्या दोघी आल्या, आणि पुढच्या वर्षी एक सोडून सगळ्या खोल्या भरल्या. यजमानांचा राग एकदम गेला नाही. पण मुलींचे वडील कापड आमच्याकडूनच नेऊ लागले, तसे ते थोडे निवळले.

माझी तगमग मात्र उलट वाढली. मुली मोठ्यानं पाठ करायला लागल्या की मी काहीतरी निमित्त काढून वर जायची आणि दारातूनच परतायची. एकदा ती पहिली मुलगी म्हणाली, "वहिनी, उभ्या काऊन? बसा न."

मी बसले. तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. खालून सासूबाईंनी हाक मारली तेव्हा चुलीवरची भाजी पार करपली होती.