साखरपुडा आणि फायनल एकाच दिवशी

आमच्या घरात कबड्डीचं वेड वडिलांनी आणलं. कंधारला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. हंगामात शेतकरी जळालेल्या मोटारी घेऊन दारात उभे असायचे आणि आमच्या संघाचा सामना असला की बाबा सरळ शटर ओढायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "पाणी काय, उद्याबी देता येतंय. मॅच उद्या न्हाई." मला ते लहानपणापासून सोबत न्यायचे. मुलगी एवढ्या मोठ्यानं ओरडते म्हणून आत्या नाक मुरडायची आणि बाबा मला आणखी पुढच्या रांगेत बसवायचे.

आमचा संघ हरण्यात पटाईत होता. उपांत्य फेरीपर्यंत वाघासारखा खेळायचा आणि तिथं एखादा गडी उगाच रेषेबाहेर पाय टाकायचा. मग मुदखेड असो की बिलोली, परतीच्या एसटीत आम्ही बापलेक खिडकीबाहेर बघत बसायचो. घरी आल्यावर आई काही न विचारता ताट वाढायची. बाबांचा चेहराच निकाल सांगायचा.

माझं लग्न लातूरला ठरलं. मुलाकडच्यांनी हौसेनं साखरपुड्यासाठी तिथलंच कार्यालय घेतलं. तारीख पक्की झाली, पत्रिका वाटल्या आणि त्यानंतर आमच्या संघानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फायनल गाठली. फायनल लातूरच्या संघाशी, लातूरच्याच मैदानावर, त्याच दिवशी, त्याच दुपारी. मैदान कार्यालयापासून चार गल्ल्या पलीकडे. बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आईनं त्यांना देवासमोर उभं करून शब्द घेतला की कार्यालयाच्या बाहेर पाऊल टाकणार नाही.

त्या दुपारी मी जरीची हिरवी साडी नेसून, नाकात नथ घालून बसले होते आणि कान खिडकीकडे होते. वाऱ्यावरून लाऊडस्पीकर तुटक ऐकू यायचा. "कंधारची चढाई..." मग नुसता गलका. कोणाचा गलका ते कळेना. मावशी माझ्या केसात गजरा माळत होती. मी तिला म्हटलं, "मावशे, खिडकी उघड की जरा." ती म्हणाली, "डोकं हलवू नको."

मुहूर्त जवळ आला तेव्हा गुरुजींनी मुलीच्या वडिलांना बोलावलं. बाबा नव्हते. मुलाच्या वडिलांना बोलावलं. तेही नव्हते. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं. कुणी म्हणालं, देण्याघेण्यावरून काही बिनसलं की काय. आईचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र हसू आवरेना, कारण ते कुठे असणार हे मला ठाऊक होतं. मी सांगितल्यावर नवरदेव स्वतः उठले. "मी घेऊन येतो दोघांना," म्हणाले, आणि गेले ते गेलेच.

मग मी मावशीला म्हटलं, "तुझी स्कूटी काढ."

"वेडी झालीस का? लोक काय म्हणतील?"

"नवरदेव पळाला म्हणतील, मी न्हाई गेले तर."

मावशीला ते पटलं. मी पदर सावरत मागे बसले. मैदानावर पोचलो तर लोकांनी आपोआप वाट दिली. अंगभर दागिने घातलेल्या नवरीला कोण अडवणार? पुढच्या रांगेत बाबा आणि माझे होणारे सासरे शेजारी शेजारी बसले होते आणि कडाकडा भांडत होते. पंचानं दिलेला बोनस बरोबर की चूक, यावर. नवरदेव त्यांच्या मागे खुर्चीवर उभे होते. मला पाहून ते ओशाळले. मग खाली उतरून त्यांनी खुर्ची पुसली आणि म्हणाले, "या, इथून नीट दिसतंय."

खरं सांगायचं तर माझं लग्न तिथंच लागलं.

मी खुर्चीवर चढले. आम्ही एका गुणानं मागे होतो. मी अशी ओरडले की सासऱ्यांनी वळून पाहिलं. "पोरी, तू आता लातूरची," ते म्हणाले.

"मामा, अंगठी घालायची हाय अजून," मी म्हटलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तेवढ्यात सासूबाई गुरुजींना घेऊन रिक्षातून उतरल्या. त्या तोंड उघडणार, इतक्यात गुरुजींनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "शेवटची चढाई का?"

"हाव."

शेवटचीच होती. आमच्या कर्णधारानं कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावला आणि मधल्या रेषेकडे झेप घेतली. पण तिघं त्याच्या कमरेला झोंबले. त्याची बोटं रेषेच्या अलीकडेच मातीत रुतली. शिट्टी वाजली. हरलो.

मी ढसाढसा रडले. काजळ गालावर उतरलं. साखरपुड्याच्या फोटोत माझे डोळे लाल आहेत आणि नातेवाईक अजून म्हणतात, माहेर सुटणार म्हणून पोर किती रडली. मुहूर्त टळला होता. गुरुजींनी तासाभरानं दुसरा काढला आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र कंधारनं त्याच लातूरला हरवलं, आमच्या मैदानावर. नवरा आणि सासरे लातूरच्या बाजूला बसले होते, मी बाबांजवळ. शेवटची पकड झाली आणि मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या ते आठवत नाही. बाबांनी गुलालानं माखलेल्या हातांत तोंड लपवलं, पण खांदे हलत होते. माझा आवाज पार बसला.

परतताना गाडीत सासरे पुढच्या सीटवर फुगून बसले होते. अहमदपूर मागे पडलं तरी बोलेनात. मग काचेकडे बघतच म्हणाले, "तुमच्या त्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराची पकड... कशी धरली त्यानं? मला नीट दिसली न्हाई."

मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. सासऱ्यांना खाली उतरवलं आणि रस्त्याच्या कडेला, पदर खोचून, त्यांच्याच पायाला धरून ती पकड दाखवली.

"अजून एकदा," ते म्हणाले.