पालमची वारी नव्हे, निवाऱ्याची: बोकडासहित

मागच्या वेळी सांगितलं होतं, एष्टीत उन्हाची बाजू बघून बसा. विसरलात ना? तुमच्या डोक्यात पासवर्ड ऱ्हातात, ऊन ऱ्हात न्हाई. म्हणून पुन्हा सांगते, नात टाइप करायलीय: सकाळी परभणीकडं जाताना उजवी बाजू धरा.

जायचं ठरलं ते गयामुळं. गया माझी धाकटी बहीण. पालमजवळच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीवर शेळ्या राखती. मागच्या उन्हाळ्यात पाणी आणताना वाटंवरच चक्कर येऊन पडली होती. तिचा फोन आला: "अक्का, गाव उन्हाचा आराखडा करायलंय. दुपारी टेकायला निवारा एकच होणार हाय. वस्तीकडं व्हावा, पर माझ्यानं चारचौघात बोलवत न्हाई." मी भाकरी बांधली अन् निघाले.

देवगाव फाट्यावरून सेलू, तिथून परभणी. पंचाहत्तरीच्या पुढं तिकीट फुकट. कंडक्टर आधार कार्ड बघून म्हणला, "वाटत न्हाई, आजी." त्याला अर्धी भाकरी अन् ठेचा दिला. परभणीच्या स्टँडवर चहा प्या, भजी नका खाऊ. ती माझ्या वयाची असतात. गंगाखेडला गोदावरी लागती, हात जोडा, पर आधी मोबाइल खाली ठेवा. पालमहून पुढं रिक्षा. भरल्याबिगर हलत न्हाई, अन् भरली तरी अजून एक माणूस पायजेच असतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात गाव जमलं. तालुक्याच्या मॅडमनी समजावलं, ऊन लय वाढायलंय, पाऊस आला की एकदमच कोसळायलाय, तवा कुठं काय करायचं ते गावानं ठरवावं, मग ते पंचायतीच्या आराखड्यात जाईल. बायांनी रांगोळीनं जमिनीवर आख्खं गाव काढलं. घरं ज्वारीच्या दाण्यांची, झाडं कडुलिंबाच्या पाल्याची, अन् निवारा म्हणजे गुळाचा खडा. तो ठेवला सरपंचाच्या दारात. गया माझ्या पाठीमागं लपलेली.

तिचा बोकड आमच्या मागं आला होता, दावं माझ्या हातात. ते कसं सुटलं मला विचारू नका, म्हातारीचा हात हाय. त्यानं आधी सगळी झाडं खाल्ली, मग घरांची एक आळी, मग सरपंचाचं घर, अन् वरून निवारा. मॅडम फोटो काढायच्या बेतात होत्या, त्या तशाच उभ्या ऱ्हायल्या.

सरपंच म्हणला, "खडा माझ्या दारात होता, सगळ्यांनी बघितलाय."

"होता की बाबा," मी म्हणले, "पर आता तुझं दार बी त्याच्या पोटात हाय."

सगळं मैदान हसलं. त्या हसण्यात गया कधी पुढं गेली कळलं न्हाई. गुळाच्या डब्यातला उरलेला खडा उचलून तिनं वस्तीच्या वाटंवर ठेवला.

"मागच्या साली मी हितं पडले," ती म्हणली. "हितं झाड न्हाई, माठ न्हाई. भाऊ, तुमच्या दारात लिंब तरी हाय."

सरपंचानं वाकून खडा नीट बसवला. मग म्हणला, "ऱ्हाऊ द्या तितंच. पर आधी बोकड बांधा."

घरी येऊन आठवडा झाला, कंबर अजून एष्टीतच हाय. निवारा उभा ऱ्हाईल तवा ऱ्हाईल, आराखड्यात तर आला. अन् गया आता फोनवर इतकं बोलती, मला हूं म्हणायला जागा ठेवत न्हाई. नकाशा पक्का करायला पुन्हा बैठक हाय म्हणं. तिकडं कुणी जात असाल तर गयाकडं गूळ पाठवा. दोन खडे पाठवा, एक निवाऱ्याचा, एक बोकडाचा. अन् बोकडाचा आधी द्या.