साडेआठाचं भोक

येडगावच्या रस्त्याला मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. लोखंडात आटे पाडण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात नव्हता. आधी पाडलेलं भोक जरा मोठं झालं की बोल्ट सैल बसतो, लहान झालं की आटे पाडायचा टॅप आतच मोडतो. हा मात्र आकडा कधी चुकायचा नाही. भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरपाशी जायचा, आमच्याकडे पाठ करून कॅलेंडर वर करायचा, कपाळ टेकवायचा आणि येऊन सांगायचा, "धाचा आटा, साडेआठाचं भोक. मशीन दमानं चालवायचं." एवढा देवभोळा मिस्त्री आम्ही पाहिला नव्हता.

एकदा मी पंपाचं कव्हर आटे पाडायला घेऊन गेलो. रानात टोमॅटो सुकत होता आणि कव्हर वाया गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं. म्हणून त्याच्या मागोमाग मीही कॅलेंडर वर करून डोकं टेकवलं. खाली तेलकट बोटांनी काळा पडलेला छापील तक्ता होता. कुठल्या आट्याला कुठलं ड्रिल, किती स्पीड, सगळं ओळीनं.

"मिस्त्री, अहो इथं तर तक्ता हाय!"

ड्रिल पुसता पुसता तो म्हणाला, "मंग? देव काय तोंडानं बोलतो व्हय, पावणं?"