जादाची खोली

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे. नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. घरं विकायच्या वेबसाइटवर ती कामाला होती आणि खोटी जाहिरात तिच्या नजरेतून सुटेल तर शपथ! समोर भिंत असलेल्या घराला कुणी 'हवेशीर' म्हटलं, की ही बया फोटो मोठा करून भिंतीच्या विटा मोजायची.

साइट तिच्या हातात आली तेव्हा नुसता सावळागोंधळ होता. फोटो अंधारे, आणि 'प्रशस्त, सुंदर, मोक्याचं' हे तीन शब्द प्रत्येक घराला चिकटवलेले. तिने चार वर्षांत सगळा फॉर्म उसवून नव्याने शिवला. पडदे उघडा, कोपऱ्यात उभे राहा, मग फोटो काढा, अशा सूचना घातल्या. फोटोतला पसारा पुसून टाकणारं 'सामान लपवा' बटण करून घेतलं. 'सध्या कोणी राहतं का?' हा रकाना सक्तीचा केला. आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या डोक्यातला एक प्रश्न टाकला: 'या घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असेल अशी एक गोष्ट सांगा.' साहेब तेव्हा हसले. पुढे लोक त्याच रकान्यासाठी जाहिराती वाचायला लागल्यावर साहेबांनी तो प्रश्न आपलाच म्हणून मिरवला. असो, साहेबच ते.

हे सगळं ती रोज जेवताना बाबांना सांगायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. दादा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, ही बाबांजवळ राहिली. मध्ये परगावची मोठी नोकरी चालून आली होती, ती बाबांच्या गुडघ्यांपायी सोडली. "तू आहेस म्हणून मी आहे गं," बाबा म्हणायचे. तेवढ्यावर ती खूश!

रविवारी दादा आला की तोही मान डोलावत ऐकायचा. "रिकामं घर खरंच लवकर विकलं जातं?" त्याने एकदा विचारलं.

"मग! माणसं राहताना दिसली की घेणाऱ्याच्या मनात किंतु येतो."

तिला वाटलं, भाऊ कौतुकाने विचारतोय. जगाला चाळून काढणारी बाई, पण घरात अगदी भोळी.

मंगळवारी सकाळी ती नव्या जाहिराती तपासत होती. तिच्या होकाराशिवाय एकही पुढे जात नसे. तिसरीतला स्वयंपाकघराचा फोटो पाहून ती मनात म्हणाली, वा, याने सूचना नीट वाचलेल्या दिसतात. मग तिला ओट्याखालची फरशी दिसली. डबा पडून टवका उडालेली. तो डबा तिच्याच हातून पडला होता.

घर तिचंच होतं. ती राहत होती तेच!

पुढच्या फोटोत तिची खोली होती. पलंग नाही, टेबल नाही, दारामागची ओढणी नाही, सगळं सामान लपवलेलं. खाली लिहिलं होतं, 'जादाची खोली. सामान ठेवायला उत्तम.' सध्या कोणी राहतं का? 'नाही.' फोन नंबर दादाचा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा! वर्षानुवर्षं बापाचं औषधपाणी बहिणीने करायचं आणि घर याने परस्पर विकायचं! बिचाऱ्या बाबांना तर पत्ताही नसेल. आत्ताच्या आत्ता जाहिरात उडवायची आणि बाबांना घेऊन दादाच्या दारात उभं राहायचं, असं तिने ठरवलं. बोट बटणावर गेलंसुद्धा. तेवढ्यात नजर शेवटच्या रकान्यावर पडली.

'सकाळी सातला ऊन ओट्यावर येतं. चहा होईपर्यंत थांबतं, मग जातं.'

दादाने जन्मात कधी सकाळचे सात पाहिले नव्हते. ती स्वतः त्या वेळी आंघोळीला असायची, तिलाही हे ठाऊक नव्हतं. सातला ओट्याशी चहा करत एकच माणूस उभा असायचा.

अर्धी रजा टाकून ती घरी आली. बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, ओट्यावर ऊन किती वाजता येतं हो?"

पेपर खाली आला. "दादा बोलला तुला?"

"तुम्हीच बोललात. सगळ्या जगाला सांगितलंत, मला सोडून."

"सांगणारच होतो गं. तो म्हणाला, आधी गिऱ्हाईक ठरू दे, उगाच तिच्या डोक्याला ताप नको. त्याच्याकडे खालची खोली आहे. मला जिने नकोत आता."

"आणि मी?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तू काय, हुशार आहेस. घरांच्याच कामात आहेस. तुला कुठंही मिळेल."

"इथं कोणी राहत नाही असं लिहिलंत, बाबा."

"माणसं दिसली की किंतु येतो, तूच म्हणाली होतीस ना?"

दादा असता तर तिने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. बाबांपुढे ते जमेना. "मला विचारलं असतंत तर फोटो मीच काढून दिले असते," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही केसाने गळा कापलात माझा." बाबांनी पेपर पुन्हा वर धरला. तो उलटा होता.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली नाही. सातला ओट्याशी उभी राहिली. ऊन आलं, चहा उकळेपर्यंत थांबलं आणि गेलं. बाबा दारात उभे होते. तिने एकच कप भरला आणि त्यांच्या हातात दिला.

ऑफिसात जाहिरात तशीच थांबलेली होती. घर बाबांचं, विकायचा हक्क बाबांचा. तिचं काम फक्त खोटं तेवढं काढायचं. उन्हाची ओळ खरी होती, ती तिने ठेवली. फोटोतलं लपवलेलं सामान परत दाखवलं: पलंग, टेबल, दारामागची ओढणी. मग 'नाही' पुसून 'हो' केलं. फॉर्मने पुढचा प्रश्न विचारला, तोही तिनेच कधीतरी घातलेला: कोण राहतं?

तिने लिहिलं, 'विकणाऱ्यांची मुलगी. जादाच्या खोलीत.' आणि जाहिरात पुढे जाऊ दिली.