रिकाम्या जागा

देशाच्या अणुसंशोधन संस्थेत पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यात कोळवण खोऱ्यातल्या आमच्या खाचरात भाताचा प्रयोग करायला आली. मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते; त्यामुळे देखरेख माझ्याकडे होती. पेरणीपूर्वी बियाण्यावर कमी-अधिक मात्रेत किरणे सोडलेली होती. ती किरणे भातात उरत नाहीत, बियाण्याच्या गुणांत तेवढा बदल घडवतात, हे मी वर्गात आणि बांधावरही समजावून सांगितले होते. कोणत्या मात्रेला किती रोपे मरतात, हे तिला लावणीनंतर मोजायचे होते. तिच्या प्रबंधाचा अख्खा हंगाम त्या मोजणीवर अवलंबून होता.

दहा-बारा दिवसांनी आम्ही मोजायला गेलो, तर खाचरात एकही जागा रिकामी नव्हती.

शेजारच्या वहिनी बांधावर गवत कापत होत्या. "नांगे भरले की मी परवा," त्या हसून म्हणाल्या. "मेल्या रोपांच्या जागा तशाच पडलेल्या, बघवंना. बाई, तुमी शाळंत, ही पोर पुण्याला. माझ्याकडं रोपं उरलीच हुती."

मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावणे म्हणजे नांगे भरणे. न सांगता शेजाऱ्याचे नांगे भरून द्यावेत, अशी आमच्याकडची माया.

विद्यार्थिनी बांधावर मटकन बसली. "मावशी, मेलेलीच मोजायची होती हो मला."

वहिनींचा चेहरा उतरला. खरे तर चूक माझी होती. किरणांविषयी मी सगळे सांगितले; रिकामी जागा हेही प्रयोगाचे उत्तर असते, एवढे सांगायचे राहिले.

वहिनी खाचरात उतरल्या आणि एका रोपाच्या बुडाशी बोटे घालून म्हणाल्या, "पोरी, तू एकेक काडी लावली हुतीस न्हवं? लई हसलो तवा आमी. आमी तीन-चार काड्या मिळून लावतो. माझं कुटलं, ते हाताला कळतंय."

विद्यार्थिनीनेही बोटे घालून पाहिली. फरक स्पष्ट होता.

दुपारभर वहिनी आपली रोपे उपटत गेल्या. "जित्तं रोप उपटायला हात हुत न्हाई," असे म्हणत होत्या, पण आम्हाला उपटू देत नव्हत्या. प्रत्येक मोकळ्या जागी विद्यार्थिनी बांबूची कामटी रोवत होती. झाला प्रकार तिने नोंदवहीत जसाच्या तसा लिहिला. तिच्या मार्गदर्शकांनी स्वतः येऊन खाचर तपासले आणि मोजणी मान्य केली. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मला जे नेमके शिकवता आले नव्हते, ते त्या दोघींनी मला एका दुपारी शिकवले. मी त्यांची ऋणी आहे.

पुढच्या आठवड्यात मोजणीला गेलो, तेव्हा वहिनी आधीच खाचरात उभ्या होत्या.

"लिवा बाई," त्या म्हणाल्या. "ह्या कडंच्या वाफ्यात आणखी दोन गेलीत. मी हात न्हाई लावला."