दहा मीटरवरचा माणूस

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर होती. खाली नाला आणि नाल्यापलीकडे त्यांची पोस्ट. आमच्या रेंज कार्डवर दोन्हींमधलं अंतर लिहिलेलं होतं, पाचशे चाळीस मीटर. मी तेव्हा हवालदार होतो आणि बटालियनच्या स्नायपर टीममध्ये होतो. माझा जोडीदार लान्स नायक विलास.

मी ओतूरचा, विलास पिंपळवंडीचा. एकाच तालुक्यातले म्हणून आम्हाला जोडीला टाकलं असं लोकांना वाटायचं. तसं नव्हतं. स्नायपरच्या जोडीत एक जण रायफलवर असतो, दुसरा स्पॉटर. स्पॉटर दुर्बिणीतून बघतो आणि वारा सांगतो. विलास वारा जसा वाचायचा तसा बटालियनमध्ये कुणी वाचत नव्हतं. गवताचं एक पातं बघून तो सांगायचा, "साईट दोन क्लिक डावीकडं." आणि ते बरोबर असायचं.

सिव्हिलमधले लोक विचारतात, दिवसभर काय करता? सकाळी साडेपाचला स्टँड-टू. सगळे आपापल्या मोर्च्यावर, म्हणजे फायरच्या खड्ड्यात, हत्यार लोड. उजाडलं की स्टँड-डाऊन, चहा. मग तीन-तीन तासांची ड्युटी. दुर्बिणीत बघायचं, वहीत लिहायचं. समोर कोण आलं, किती वाजता आलं, कुठं गेलं. बाकी वेळ हत्यार साफ करायचं, पाणी गरम करायचं, घरच्या गोष्टी करायच्या.

विलासच्या गोष्टी ठरलेल्या. त्यानं सुट्टीत एक एअर रायफल घेऊन ठेवली होती. सुट्टीला गेला की गावातल्या पोरापोरींना खळ्यात रांगेनं झोपवून नेम शिकवायचा. मला म्हणायचा, "पेन्शन आलो की नेमबाजीची रेंज टाकणार. पोरं नुसती मोबाईलवर गोळ्या घालत्यात. त्यांना एकदा खरा ट्रिगर कळला पायजे, म्हंजी गप व्हतील."

ज्या दिवशी तो गेला त्या सकाळी टेलिफोनची केबल तुटली होती. शेजारच्या मोर्च्याशी बोलणं बंद. सहा चाळीसला विलास केबल जोडायला निघाला. त्याची ड्युटी नव्हती, पण लाईनमनला ताप होता. दुर्बिणीवर मी होतो.

"क्लिअर हाये का?" त्यानं विचारलं.

मी डावीकडून उजवीकडे पूर्ण स्कॅन केलं. "क्लिअर. जा."

बावीस पावलं झाली असतील. आधी विलास पडला, मग फायरचा आवाज आला. मी सरपटत गेलो आणि त्याला कॉलर धरून आत ओढला. गोळी मानेखाली लागली होती. तो तिथंच गेला.

क्लिअर मी म्हणालो होतो. माझ्या दुर्बिणीत तो माणूस आला नाही आणि त्याच्या दुर्बिणीत विलास आला. एवढंच झालं.

पुढचे अकरा दिवस मी रायफलवर होतो. कंपनी कमांडरसाहेबांनी परवानगी दिली होती. ते म्हणाले होते, "ज्याने मारलं तोच. दुसरा नाही. आधी ओळख, मग फायर." मी कमी जेवलो, कमी झोपलो. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बायकोचा फोन आला तरी बोललो नाही.

बाराव्या दिवशी सव्वासातला त्यांच्या बंकरच्या तोंडाशी एक माणूस आला. हेल्मेट नाही, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याचा मग. तोंड धूत होता. जवळ रायफल दिसत नव्हती. वय विशीच्या आसपास, मिशीही फुटलेली नाही. या आधी तो कधी माझ्या वहीत आला नव्हता.

मी वायरलेस सेटवर आलो. "टार्गेट इन साईट."

"पहचान हुआ? वही है?" साहेबांचा आवाज.

"वही है सर."

"कन्फर्म?"

"कन्फर्म."

"फायर."

माणूस पडला. त्याच्या हातातला मग जमिनीवर पडून चमकत होता, तो बराच वेळ दिसत होता.

मला आनंद झाला. त्या संध्याकाळी मी लंगरमध्ये पोटभर जेवलो आणि दोनदा भात घेतला. सूड घेतल्यावर माणसाला वाईट वाटतं असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही. मला तेव्हा वाटलं नाही.

सुट्टी मिळाल्यावर आधी पिंपळवंडीला गेलो, मग घरी. विलासची बायको सुनंदावहिनी ओसरीत बसली होती. नऊ वर्षांची ऋतुजा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी म्हणालो, "वहिनी, ज्यानं मारलं त्याला मी मारला. माझ्या हातानं."

तिनं विचारलं, "नक्की त्योच व्हता?"

"नक्की."

"बरं झालं," ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. घरातल्यांनी नंतर सांगितलं, त्या दिवशी ती नीट जेवली.

नायब सुभेदार होऊन मी पेन्शन आलो. भावाची पोल्ट्री बंद पडली होती. ओतूरच्या बाहेर, पिंपरी पेंढारच्या रस्त्याला ती शेड रिकामी होती. चुना मारला, लाईट ओढली, आठ लेन आखल्या. दहा मीटरवर लाकडी चौकट, तिच्यात कागदी टार्गेट, मागे लोखंडी पत्रा. तीन एअर रायफली. विलासची चौथी, वहिनीनं स्वतः आणून दिली.

पोरं आली. कांदा मार्केटमधल्या आडत्याचा मुलगा आला, शाळेच्या शिपायाच्या दोन मुली आल्या, पिंपरी पेंढारहून सायकलवर चार जण यायचे. पहिला महिना मी कुणाला छर्रा देत नाही. नुसतं उभं राहायचं, श्वास सोडायचा, रिकामा ट्रिगर दाबायचा. रायफलचं तोंड कायम टार्गेटकडे. माणसाकडे वळलं, तर त्या दिवसापासून रेंज बंद, परत येणं नाही. हा नियम मी दारावर लाल रंगानं लिहिला आहे. पालक विचारतात, यातून काय मिळेल? मी सांगतो, स्पर्धा आहेत, शाळेला मार्क आहेत, आणि पोरगं रोज दोन तास एका जागी शांत उभं राहतं. संध्याकाळी साडेपाचला मी सगळ्यांना घरी पाठवतो. उसातून बिबट्या कधी रस्त्यावर येईल सांगता येत नाही.

ऋतुजा चौदाची झाली तेव्हा वहिनी तिला स्कूटीवर घेऊन आली. "भाऊ, हिला शिकवा. बापाचं अंगात हाये का बघा."

होतं. तिसऱ्या आठवड्यात ती न हलता चाळीस मिनिटं उभी राहिली. पण खरी गोष्ट मला नंतर कळली. एकदा तिच्या टार्गेटवर पाच छर्रे जवळपास एकाच भोकातून गेले होते. मी विचारलं, "शॉट सोडताना डोक्यात काय असतं?"

"तो असतो," ती म्हणाली. "पप्पांना मारणारा."

सगळे कोच सांगतात की रागात हात हलतो. मीही बाकीच्या पोरांना तेच सांगायचो. ऋतुजाचा हात रागात हलत नव्हता, उलट स्थिर व्हायचा. हे मी ओळखलं आणि वापरलं. तिचे शॉट पसरायला लागले की मी मागे उभा राहून हळू म्हणायचो, "आठव." पुढचा शॉट मध्यात जायचा. एकदा तिनं विचारलं, "काका, तो कसा पडला?" मी सांगितलं. कसा पडला, किती वेळात पडला. तिनं मान हलवली आणि पुढचा छर्रा भरला. दोन वर्षं मी एका पोरीला हेच खाऊ घातलं. माझंही त्यावरच चाललं होतं.

यंदा पुण्याच्या स्पर्धेत तिची राज्याच्या निवडीसाठी निवड झाली. शाळेनं सत्कार ठेवला. माईक हातात दिल्यावर ती म्हणाली, "ज्यानं माझ्या पप्पांना मारलं त्याला काकांनी मारलं. मी आर्मीत जाणार आणि तीच पोस्ट मागणार. तिथं जे कोणी असतील त्यांना मी मारणार." टाळ्या थांबेनात. वहिनी पदरानं डोळे पुसत होती. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेंजवर गेलो तर लहान पोरांनी पाच लेनमधल्या टार्गेटवर स्केचपेननं माणसं काढली होती. काळ्या वर्तुळाला डोळे, नाक, तोंड. त्यांच्यातला सगळ्यात छोटा पिंपरी पेंढारचा, साडेदहा वर्षांचा. त्यानं काढलेल्या माणसाला मिशी नव्हती.

"ह्यो कोण?" मी विचारलं.

"त्यांच्यातला कोणबी," तो म्हणाला. "कोणबी चालतंय ना सर?"

मी सगळे कागद काढले आणि पोरांना घरी पाठवलं. ऋतुजाला थांबवलं. ती बाकावर बसली, मी उभा राहिलो. जे सांगायचं ते मी रिपोर्ट देतात तसं सांगितलं.

"बाराव्या दिवशी मी ज्याला मारला तो तुझ्या पप्पांना मारणारा होता की नाही, मला माहीत नाही. त्याच्याजवळ रायफल नव्हती. तो तोंड धूत होता. साहेबांनी विचारलं, कन्फर्म? मी कन्फर्म म्हणालो. ते खोटं होतं."

तिनं बुटाची लेस सोडून परत बांधली. मग म्हणाली, "म्हंजी तो जिवंत असंल."

"असेल."

"आणि तुमी ज्याला मारला तो?"

"तो कोण होता मला माहीत नाही."

तिनं रायफल केसमध्ये ठेवली आणि चेन लावली. निघताना तिनं मला काका म्हटलं नाही, सरही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आली. शेडमध्ये मी एकटाच झाडत होतो. ती दारातच उभी राहिली.

"खरं हाये का?"

"खरं आहे, वहिनी."

"मंग तवा का सांगितलं न्हाई?"

मी खाली बघून झाडत राहिलो.

"सात वर्सं मी त्या एका गोष्टीवर झोपत व्हते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "लोक म्हणायचे, सरकारनं हे दिलं, ते दिलं. मला त्यातलं काय नको व्हतं. मला एवढंच व्हतं की त्यो मेला. आन् तुमी आज तेबी काढून घेतलं. सांगायचं व्हतं तर तवा सांगायचं. न्हाई सांगितलं, तर मरेपातूर गप बसायचं."

"पोरगी तिथं जाऊन कुणालाही मारीन म्हणत होती."

"तुमीच शिकवलं ते तिला," ती म्हणाली आणि गेली.

तिचं बरोबर होतं. मी झाडू ठेवला आणि त्या दिवशी रेंज उघडली नाही.

सतरा दिवस ऋतुजा आली नाही. राज्याच्या निवडीला तीन आठवडे उरले होते. अठराव्या दिवशी, चारच्या सुमारास, ती स्कूटी लावून आत आली. जाकीट चढवलं आणि तिसऱ्या लेनवर उभी राहिली. बाकीची पोरं बघत होती. मी नेहमीसारखी कमांड दिली. "लोड. स्टार्ट."

तिनं दहा शॉट मारले. मी दुर्बिणीतून बघितलं. दहाही मध्यात, एकाच भोकाच्या कडेला. इतकं चांगलं तिनं आधी कधी मारलं नव्हतं.

"स्टॉप. अनलोड." मी तिच्या शेजारी गेलो. मागची पोरं ऐकणार नाहीत इतक्या हळू विचारलं, "आता समोर कोण असतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी."

माझी पाठ ताठ झाली. बंकरमध्ये फायर आल्यावर व्हायची तशी.

"चालेल," मी म्हणालो. "शेवटच्या दोन शॉटला श्वास लवकर सोडलास. अर्धा आत ठेव. परत लोड."

"यस सर," ती म्हणाली.

तेव्हापासून ती रोज येते. माझ्याशी कामापुरतं बोलते. निवडीत तिचा तिसरा नंबर आला. पदक तिनं मला दाखवलं नाही, घरी नेलं. लहान पोरांना मी आता कागदावर काही काढू देत नाही. काळं वर्तुळ हे काळं वर्तुळच आहे, असं सांगतो. ते ऐकतात. ऋतुजाला मी हे सांगत नाही, तो अधिकार माझा राहिलेला नाही. ती कुणाला समोर उभं करते ते तिचं तिनं ठरवायचं. मी असेन तर ते रास्त आहे. मी मोठा आहे, तिथं उभा राहू शकतो.

विलासच्या स्मृतिदिनाला यंदाही पिंपळवंडीला गेलो. शाळेची मुलं होती, सरपंच होते, आमच्या बटालियनचे दोन जवान सुट्टी काढून आले होते. वहिनीनं सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला, पण माझ्याशी बोलली नाही. मला चार शब्द सांगायला उभं केलं. दर वर्षी मी सुडाची गोष्ट सांगायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. या वेळी तो भाग सांगितला नाही. माझं बोलणं दीड मिनिटात संपलं.

मी सांगितलं ते असं. लान्स नायक विलास. वय बत्तीस. लाईनमनला ताप होता म्हणून त्याच्या जागी केबल जोडायला गेला. माझ्या शब्दावर गेला. वारा त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता. त्याला रेंज टाकायची होती, ती टाकली आहे, सध्या तेवीस मुलं शिकतात.

जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. त्याला मारणारा माणूस कदाचित अजून कुठेतरी जिवंत आहे, पेन्शनवर असेल, नातवंडं असतील. तो अजूनही मला हवा आहे. हे गेलेलं नाही आणि जाईल असं वाटत नाही. आणि दुसरा तो, टॉवेलवाला. त्याच्या गावातही दर वर्षी कुणीतरी चार शब्द बोलत असेल आणि त्याच्या घरात कुणीतरी मला शोधत असेल. शोधावं. विलासचं नाव गावच्या चौकात दगडावर कोरलं आहे. टॉवेलवाल्याचं नाव मला माहीत नाही, म्हणून विलासला सॅल्यूट केल्यावर मी हात लगेच खाली घेत नाही. तेवढा वेळ त्याच्यासाठी असतो.