मालकाने काढलेली दृष्ट

माझा थोरला भाऊ दुसऱ्याचा ट्रक चालवायचा. पुढच्या चाकाचा टायर झिजलेला होता, वरून नवं रबर चढवून पुन्हा बसवलेला. भाऊ मालकाला सांगून थकला, "शेठ, टायर लई तापून राह्यला." मालक विचारायचा, "शनिवारी लिंबू-मिरची बदलली का?" लिंबू मात्र दर शनिवारी ताजं असायचं.

इचोडा गावाच्या अलीकडे तोच टायर फुटला आणि कापसाने भरलेला ट्रक उलटला. भावाचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उलटलेल्या ट्रकपाशी होतो, तर मालक नारळ-कापूर घेऊन तिथे हजर! "गाडीले दृष्ट लागली होती," म्हणाला आणि फुटका टायर काढून रस्त्याच्या कडेलाच पेटवला. जमलेली माणसं हात जोडून उभी राहिली. मी ओरडलो, "तपासणीवाले साहेब येऊन राह्यले, जाळता काऊन?" तर त्या हात जोडणाऱ्यांनीच मला दटावलं, "देवाच्या कामात आडवा नको येऊ." मालकाने बोटावर त्या जळक्या टायरची काजळी घेतली आणि माझ्या कपाळाला तीट लावली. "आता घराले काही होणार नाही."

गुन्हा भावावर नोंदला गेला. म्हणे, त्याने गाडी बेफाम हाकली. कोर्टात भाऊ कुबड्यांवर उभा राहून सांगत होता, टायर खराब होता. मालकाच्या वकिलाने हसून विचारलं, "मग दाखवा ना पुरावा."

पुरावा मालकाने माझ्या कपाळाला लावला होता. तो मी त्याच दिवशी घरी येऊन साबणाने घासून काढला होता.